बागेत चालताना

बसवनगुडी, बेंगळूर
ऑगस्ट १९९६

अण्णा,

उद्या तू मला निपाणीला न्यायला येतोयस, तेव्हा हे पत्र टपालात टाकून उपयोग नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून सगळे मला झोपवून ठेवतात. फोनवर तुझाही एकच धोशा, "कस्तुरी, हलू नकोस." पडून पडून हात कानापर्यंत जाईना. डॉक्टर रागावले, "खांदा आखडेल. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्या, रोज थोडं चाला. ताप असला तर मात्र घरीच."

मला कुठला धीर? काल बागेत गेले आणि शाळेतल्या शर्यतीत असल्यासारखी भराभर चालले. डोळ्यांपुढे अंधारी आली. बाकावर बसले, डोक्याचा रुमाल सुटून टक्कल उघडं पडलं, तरी भान नव्हतं. फार भ्याले रे. घरी येऊन डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "चालणं सोडू नका, घाई सोडा. दमलात की बसा."

आज पुन्हा गेले. हळू चालले, मध्ये बसले. परतले तेव्हा दमले होते, पण आजारी वाटत नव्हतं.

अण्णा, मी येणार नाही. तिथे वहिनी मला खाटेवरून उतरू देणार नाही आणि तू दारात राखण करशील. तुमच्या मायेचीच मला धास्ती वाटते. उद्या चहा झाला की माझ्याबरोबर बागेत चल. मी मध्येच थांबले तर घाबरू नकोस, नुसता शेजारी बस.

तुझी,
कस्तुरी