पुठ्ठ्याचा तुकडा

प्रिय शेंडेफळा,

तुझी मुलाखत मधल्याने पाठवली. त्याच्याबद्दल तू ‘एक भाऊ नोकरीत आहे’ एवढंच म्हणालास म्हणून स्वारी फुगून बसली आहे, तेव्हा त्याला आधी फोन कर. धाकटा होतास म्हणून चित्रकार झालास, असं तू सांगितलंस. आईबाबांच्या सगळ्या अपेक्षा आम्हा दोघांवर खर्च झाल्या आणि तुझ्या वाट्याला मोकळीक उरली म्हणे. वाचून आधी हसू आलं, मग राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

मोकळीक कसली, टेबलावर बसवून ठेवायचे तुला. फ्रेमच्या दुकानात जिकडेतिकडे काचा, त्यामुळे तुझे पाय खाली टेकू द्यायचे नाहीत अशी बाबांची सक्त ताकीद होती. मधला काचा पुसायचा आणि मी चित्राभोवती बसवायचा पुठ्ठा कापायचे. चित्राच्या मापाची खिडकी कापली की आतून जो तुकडा गळून पडायचा, तो तुझा. सोबत एक पेन्सिल, म्हणजे तू भोकाड पसरणार नाहीस. तुझी सुरुवात माझ्या कापण्यातून उरलेल्या तुकड्यांवर झाली, हे सांगायला काय हरकत होती रे? पण त्या तुकड्यावर रेघ ओढावी असं मला मात्र कधीच वाटलं नाही. मला सरळ कापायला आवडायचं, अजूनही आवडतं. तेव्हा ताईवर अन्याय झाला वगैरे मनात आणू नकोस.

आता माझ्याबरोबर माझी थोरली लेक बसते दुकानात. शाळा संपली, पुढे काय विचारलं की म्हणते, दुकान आहे की. वर म्हणते, धाकट्या भावाला व्हायोलिन शिकायचंय, आम्ही दोघंही बाहेर पडलो तर तुझ्या हाताशी कोण? बाबांचा हात थरथरू लागला तेव्हा मीही असंच म्हणाले होते, अगदी याच सुरात. माझं ते मनापासूनचं होतं, म्हणून तिचंही असणार असं मी धरून चालले. पोरगी किती समजूतदार आहे, असं चारचौघांत मिरवलंसुद्धा.

मागच्या आठवड्यात आपल्या दातांच्या डॉक्टरीणबाई तडकलेल्या काचेची फ्रेम घेऊन आल्या. मी मागचा कागद फाडला, फळी काढली, तर फोटोच्या पाठीशी पुठ्ठ्याचा एक तुकडा निघाला. त्यावर मी होते. पाठमोरी, टेबलावर वाकलेली, एका पायातली चप्पल निसटलेली. चार रेघा असतील नसतील, पण अवघडलेली मान माझीच. मी अशी थांबले की बाईंना वाटलं, हाताला काच लागली. फ्रेमची पाठ बंद करायचं काम गेलं वर्षभर थोरलीच करते. केराच्या डब्यात पुठ्ठ्याचे तुकडे दिसेनासे झालेत, हेही मग लक्षात आलं. म्हणजे लोकांच्या लग्नाच्या फोटोंमागे, घराघरांत, तिची चित्रं भिंतीकडे तोंड करून टांगलेली आहेत. तिला ती फेकवत नाहीत आणि दाखववतही नाहीत. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

तिला मी अजून काही बोललेले नाही. मी चित्रकला शिकायला जा म्हटलं तर ती जाईलही. आईने सांगितलं म्हणून, मुकाट्याने, दुकानात बसते तशीच तिथे जाऊन बसेल. आम्हा थोरल्यांचा हाच घोळ असतो. कुणी मोकळीक दिली तरी आम्ही ती काम समजून उरकतो. माझ्या शब्दाला तिच्याकडे फार वजन आहे आणि आज मला त्याचीच भीती वाटते.

म्हणून तुला लिहिते आहे. तो तुकडा सोबत पाठवते; बाईंच्या फ्रेममध्ये त्या जागी कोरा घातला. भाचीचं चित्र म्हणून बघू नकोस. तुझ्याकडे शिकायला येणाऱ्या परक्या मुलांचं काम बघतोस तसं, कठोरपणे बघ. दम वाटला तर तू होऊन तिला फोन कर, मदतीला कुणीतरी हवंय म्हण, आणि माझं नाव काढू नकोस. दुकानाचं विचारील, तर ताईचं ताई बघून घेईल म्हणून सांग. दम नसेल, तर तसं मला कळव, तिला नको. मी ते ऐकून घेईन, आणि तिने बंद केलेली एकही फ्रेम पुन्हा उघडणार नाही.

तुझीच,
ताई