शेजारच्या सीटवरचा रुमाल

प्रिय करिमा,

आधी पोटभर हसून घे, मग पुढचं वाच. मी इस्तंबूलमध्ये आहे. अमेरिकेहून निघालेलं विमान इथं उतरलं, मुंबईचं उद्या सकाळी, म्हणून विमान कंपनीने हॉटेलात आणून टाकलं. खोलीत शिरले आणि साडीसकट आडवी झाले. जाग आली ती अजानने. निमगावात तुमच्या गल्लीतली पहाटेची अजान ऐकून रोज उठते, तशीच उठले. अंघोळ केली, वेणी घातली, बॅग ओढत खाली आले आणि विमानतळाच्या गाडीची वाट बघत दारात उभी राहिले. काउंटरवरची बाई खुणेने जेवायला बोलवायला लागली. म्हटलं, सकाळी सकाळी भात कोण खातं? शेवटी तिने घड्याळ दाखवलं. संध्याकाळ होती! तू असतीस तर ऐकताक्षणी म्हणाली असतीस, "जयवंते, ही मगरिबची हाय. झोप गुमान."

आता बातमी. आपली गोधडी पहिली आली! एवढ्या मोठ्या मेळ्यात, देशोदेशीचे विणकर आणि कुंभार आलेले असताना! माझ्या आईच्या इरकली लुगड्याचे तुकडे आणि तुझ्या नौशीनच्या निकाहातल्या ओढणीचा हिरवा काठ, लोक हात फिरवून फिरवून बघत होते. टाके मशीनचे का, असं जो तो विचारायचा. मी गोधडी उलटी करून दाखवायची. तुझा टाका मागूनही तसाच, हे बघितलं की स्वतःच उलटसुलट करून बघायला लागायचे. एका म्हातारीने तर सरळ गाल टेकवून डोळे मिटले.

पहिले दोन दिवस मात्र मी तुला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. पासपोर्ट झालेला, व्हिसा झालेला, तुझ्या घरचे मुजफ्फरभाऊ स्वतः गाडी चालवत मुंबईपर्यंत सोडायला निघालेले, आणि बारामतीत चहाला थांबलो तर तू आपली पिशवी उचललीस. "मला न्हाय जमायचं तितं, तू जा," म्हणालीस आणि सरळ इंदापूरच्या एसटीत जाऊन बसलीस. पुण्यापर्यंत मी रडत होते, आणि भाऊ बिचारे आरशातून नुसते बघत होते.

पण राग टिकेना गं. टाक्याबद्दल कुणीही विचारलं की तुझंच नाव घ्यावं लागायचं. बक्षिसाच्या वेळी त्यांनी एकटीचंच नाव पुकारलं, माझं. मी स्टेजवर गेले खरी, पण फीत गळ्यात घालून घेईना. दोन बोटं वर करून उभी राहिले. सगळे गोंधळले. मग हिंदी येणारी एक मुलगी पुढं आली, तिला सांगितलं, जोडणी माझी आहे, टाका दुसरीचा, दोघींचं नाव घ्या नाहीतर राहू दे तुमचं बक्षीस. माईकवाल्याने अडखळत का होईना, 'करिमा मुलाणी' म्हटलं आणि अख्खा मंडप उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. करिमा, मला जग जिंकल्यासारखं वाटलं.

पुढच्या वर्षीचं बोलावणं आलंय, दोघींच्या नावाने. आणि मी तुला न विचारता हो म्हणून आले आहे. फोनवर सांगितलं असतं तर भाकरी करपतीय म्हणून तू ठेवून दिला असतास, म्हणून हे कागदावर. आल्या आल्या तुझ्या हातात देईन आणि वाचून होईपर्यंत समोरून हलणार नाही. आज विमानतळावरून इथं यायला बस होती. डोळ्यांवर झोप, डोकं ठिकाणावर नाही. मी धावत चढले आणि इंदापूरच्या बाजाराला जाताना टाकते तसा शेजारच्या सीटवर रुमाल टाकला. एक उंच गोरा माणूस बसायला आला, तर त्याला चक्क म्हणाले, "माणूस येतंय हितं." बिचारा उभाच राहिला. बस सुटल्यावर ध्यानात आलं की तू नाहीसच. तरी रुमाल उचलला नाही, हॉटेल येईपर्यंत तुझी जागा धरून ठेवली. पुढच्या वर्षी चहा घरूनच पिऊन निघू. बारामतीत गाडी थांबणार नाही.

तुझी जागा धरून बसलेली,
तुझीच,
जयवंता