वास्तुशांतीच्या आत सासरा पायजे

मुक्काम इंझोरी, जानराव दाजी अन् बेबीताई यायले पुण्याहून शेषरावचा जयभीम. ताईच्या गुडघ्याची सूज अन् दाजीचा राग, दोन्ही उतरले असतीन असं धरून लिहितो.

दाजी, तुमी इचारलं, राह्यतो कुठी. त बंगल्यात राह्यतो. हसू नका. टेसनावर झोपत होतो तवा एक रिटायर साहेब भेटले. बिनघराच्या पोरायले कामाले लावाचं अन् पैसा साठवाले शिकवाचं, हे त्यायचं व्रत. त्यायनं मले बांधकामावर चौकीदार केलं. म्हंजे ज्याले घर नाही त्यानंच दुसऱ्याचं राखाचं, अन् राखता राखता त्यातच झोपाचं. सध्या माह्याजवळ सहा खोल्या हायेत. (दारं बसाची हायेत, म्हणून कुलपाची कटकट नाही.) आंगोळीले एक पांढरा हौद हाये, माणूस आडवा मावते. त्यात मी ज्वारीचं पीठ ठेवलं होतं, कारण उंदीर घसरते. मालकानं पाह्यलं तवापासून माह्याशी बोलत नाही.

साहेब अर्धा पगार हाती देते, अर्धा आपल्याजवळ जमा ठेवते. म्या मांगला, त म्हणे, "आधी लग्न कर. एकट्याच्या खिशाला भोक असतं." लगनाले मी कधीचा तयार हावो. तुमी पाहून ठेवलेली मंगरूळपीरची पंचफुला मले पसंत, तिले मी पसंत. (तिनं तोंडानं म्हटलं नाही, पण चहा दोनदा आणला.) पण तिचा बाप म्हणते, पयले घर दाखवा. आता पैशाले बायको पायजे, बायकोले घर पायजे, अन् घराले पैसा. तिघं बी एकमेकाच्या दारात बसून राह्यले, उठाले कोनी तयार नाही.

बाकी सारं बेस.

तुमचा,
शेषराव

ता. क. – मालकाची वास्तुशांत पुढच्या महिन्यात हाये. त्याच्या आत सासऱ्याले घेऊन या. त्यानं घर पाहाले मांगतलं, कोनाचं हे कुठी इचारलं? फक्त नळ सोडू देऊ नका, पाणी आलं नाही.

ता. क. दुसरा – पत्र पेटीत टाकाचं राह्यलं अन् मालकानं वास्तुशांत आजच उरकली. दोन लाडू देऊन मले भायेर काढलं. साहेबानं दुसऱ्या जागेवर लावलं, तिथं नुसता पाया हाये. तरी सासऱ्याले आणा. सांगा, पोरगा घर बांधून राह्यला. विटायवर पाणी मीच मारतो, खोटं नाही.

ता. क. शेवटचा – पंचफुलेले मात्र खरं सांगजा. थे नुसत्या पायावर बी राहाले येतो म्हणाली, त सासऱ्याले आणूच नका. त्याच्या एसटीचं भाडं तिच्याजवळ द्या. तेवढीच आमची दोघाची जमा सुरू होईन.