बापाचा बॅज

ती. अण्णा, इथूनच तुमच्या पायाला हात लावतो.

मी मजेत हाय. वापरलेलं अणुइंधन आम्ही जाड काचेआडून यंत्राच्या हातांनी तपासतो. यंत्र अडकलं की दुरुस्तीला आत मीच जातो.

भूकंपात घर गेलं तेव्हापासून माझी पोर शिवकन्या तुमच्याकडं राहून लातूरला क्लास करते. ती डॉक्टर होईस्तोवर ही नोकरी टिकायला हवी.

परवा इथले डॉक्टर आमच्या सायबाला म्हणाले, “श्रीमंतच्या रक्तात पेशी कमी, अन् किरणं मोजणारा बॅज कोरा कसा?” मी दाराआडून ऐकलं.

बॅजवर आकडा वाढला की काम काढून घेतात, म्हणून आत जाताना मी तो कपाटात ठेवायचो. किती किरणं लागली, आता कुणालाच सांगता येत न्हाई.

पोरगी वेळेवर जेवते का? तिनं विचारलं तर सांगा, बापाचा बॅज दर महिन्याला कोराच येतो.

तुमचाच धाकटा,
श्रीमंत