पंख्याच्या पात्याची वरची बाजू

चि. बलकारास (अकरा दिवसांनी का होईना, पण तू लहानच),

नछत्तरसिंगाचा सत श्री अकाल आणि आशीर्वाद. तिकडे ब्रॅम्प्टनला बर्फ सुरू झाला असेल, कान झाकून फिरत जा. इकडे तुझी आई, आपली बेबे, ठीक आहे. गुडघे तसेच, जीभही तशीच. म्हैस ठीक. तुझ्या गच्चीवर मी बांधलेल्या विमानाच्या आकाराच्या पाण्याच्या टाकीचं तर विचारूच नकोस. परवाच्या वादळात पलीकडच्या गावातल्या गरुडाच्या आकाराच्या टाकीची चोच उडाली, आपल्या विमानाचं चाकसुद्धा हललं नाही. (गरुडात सळी सहा मिलीमीटरची. मी बाराच्या खाली कधी आलो नाही, आणि हे मला कुठल्या कॉलेजाने शिकवलेलं नाही.)

आता रंगाचं. तुझी रुपिंदर फोनवर म्हणाली होती की लोहडीला येऊ, पण घर इस्पितळासारखं दिसत असेल तर मुलांना घेऊन जालंधरच्या हॉटेलात उतरू. उपायही तिनेच सांगितला: "वीरजी, भिंती पांढऱ्याच राहू द्या. रंग फक्त अशा जागी द्या, जिथे तो असेल असं कुणाला वाटणारच नाही." फोन ठेवल्यावर बेबे मला म्हणाली, "नछत्तरा, नातवंडं एकदाही या छपराखाली निजली नाहीत. रंग असा दे की सुनेच्या तोंडी हॉटेलचं नाव येता कामा नये." म्हणजे माझ्या डोक्यावर केवढं ओझं आलं बघ.

दुसरा कोणी असता तर जिन्याखाली थोडा गुलाबी फासून मोकळा झाला असता. पण कुणाला वाटणार नाही, हे विचारल्याशिवाय ठरणार कसं? मी वही घेतली, पिंपळाच्या पारावर गेलो आणि एक्केचाळीस माणसांना विचारलं की बलकारच्या घरात कुठे रंग असेल असं तुम्हाला वाटत नाही? सगळे भराभर सांगू लागले. सत्तावीस जागा झाल्या. तेवढ्यात तरसेम पटवारी (निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण दुसऱ्याच्या घराची मोजणी सुटलेली नाही) म्हणाला, "सगळ्यांनी नाव घेतलं, म्हणजे आता सगळ्यांना वाटलंच की!" माणूस आगाऊ, पण मुद्दा बिनतोड. सत्तावीसच्या सत्तावीस जागा बाद.

मग मी कुणाला न सांगता जेवणाच्या टेबलाला खालून नारिंगी दिला. (पिवळा पाच भाग, लाल दोन भाग, आणि एक थेंब काळा, तो थेंब कशासाठी हे दुकानदारालाही कळलं नाही.) तरसेम चहाला आला, मुद्दाम चमचा पाडला, वाकला, आणि टेबलाखालूनच ओरडला, "नारिंगी! मला वाटलंच होतं!" झालं, त्यावर पांढरा मारला. पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून जांभळा दिला, तो चौथ्या दिवशी सापडला. शेवटी पंख्याच्या पात्यांना वरच्या बाजूने पोपटी दिला. ही जागा फक्त पालीला दिसते. तरसेमने गुरुद्वारातून शिडी आणली.

तिथून सगळ्या गावाला नाद लागला. दुपारी चारच्या ठोक्याला माणसं बॅटरी घेऊन हजर. पलंगाखाली पगड्या मावेनात, म्हणून म्हातारे पायांकडून आत शिरू लागले. (सरपंच असा शिरला आणि पोटापाशी अडकला; पलंगाचे स्क्रू मला सोडवावे लागले.) स्वयंपाकघरात बायका डाळीच्या डब्यांत हात घालून बघताहेत, आणि बेबे चुलीवर पातेलंभर चहा टाकून एकेकाला ओरडतेय, की मेल्या, तिथे बघून झालंय, पलीकडे बघ. ज्या घरात माझे चाचा, तुझे वडील, गेल्यापासून अकरा वर्षं घड्याळाची टिकटिक ऐकू यायची, तिथे मला माझाच ब्रश सापडेना.

मागच्या गुरुवारी मी हरलो. सगळीकडे पांढरा मारला आणि ओसरीवर डोकं धरून बसलो. आत चाळीस माणसं शोधतच होती. तेवढ्यात बेबे चहा घेऊन आली. डोक्यावर डाळिंबी ओढणी! चाचा गेल्यापासून तिला पांढऱ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही. पलंगाखालचा माणूस अर्धा बाहेर तसाच थांबला. तरसेमने चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाला, "बेबे, हे मात्र मला वाटलं नव्हतं."

"मग उठा की," बेबे म्हणाली, "चहा गार होतोय."

(रंगाऱ्याने ओढणीचा डावा कोपरा रंगात नीट बुडवलेला नाही. मी तिला दाखवला. ऐकत नाही.)

तुझा,
नछत्तरसिंग

ता. क. – तेव्हा रुपिंदरला सांभाळून सांग, की घर आता हुबेहूब इस्पितळासारखं दिसतं. रंग आहे तो फक्त बेबेच्या डोक्यावर, आणि तो ती उतरवत नाही.

ता. क. २ – बेबे शेजारीच बसली आहे, तिचं लिहितो. तुम्ही दोघं खुशाल हॉटेलात उतरा. चार ते सहा फोन करू नका, घरात माणसं असतात. स्वेटर आणायचा तर डाळिंबीवर शोभेल असा. पांढरा आणलात तर परत न्या. नातवंडांना मात्र इथेच सोडा. पलंगाखाली रंगाची नवीन जागा केली आहे (हे मलाही आत्ताच कळलं) आणि तिथे पगडीवाला मावत नाही. रंग कोणता ते पत्रात लिहू नको म्हणते. टपालपेटीशेजारीच तरसेम बसतो.