रुखवताची काळी भांडी

मु. विंझर

तीर्थरूप आनंदराव दाजींच्या पायी मेहुण्या कुंडलिकचा दंडवत. हितं समदी खुशाल. आक्काचा गुडघा, तुमचा खोकला आन् तुमची काळी म्हैस, तिघांची खबर कळवा (म्हशीची आधी, ती व्यायला झालीय).

दाजी, रतनच्या रुखवताची भांडी आपण पुण्याच्या तांबट आळीत घेतली, तवा तुमी म्हणाला होता की संस्थानच्या नाक्यावर जकात भरावी लागंल. तुमी तिकडंच ऱ्हायलात आन् माझ्या डोक्यात किडा वळवळत बसला. रानाचा सारा मी देतो, रान डोळ्यांपुढं दिसतंय. घरपट्टी देतो, घर गळतंय तरी देतो. मिठावरचा कर तर भाकरीबरोबर गिळतो. तो मागायला कुणी दारात येत न्हाई आन् कुणाला चुकत बी न्हाई. पण पोरीच्या भांड्यांनी निस्ता ओढा वलांडला म्हणून पैसं? सरकारनं तांबं ठोकलं का बैल हाकलं?

तेवढ्यात गाडीवान लतीफभाई बोलून गेला, जकात नव्या मालाला, वापरातल्या भांड्यांना न्हाई. झालं! नाक्याच्या अलीकडं वढ्याकाठी गाडी सोडली. रतनच्या आयनं, ठकुबाईनं (ती आधीच कातावली होती) दगडांची चूल मांडली. टोपात भात, पातेल्यात पिठलं, हंड्यात पाणी, परातीवर सुदीक भाकरी भाजल्या. भांडी काळी करायला जाळ पायजे, जाळ वाया जाऊ नये म्हणून रांधायचं, आन् रांधलेलं टाकवत न्हाई म्हणून खायचं. शेवटी लतीफभाईनं पातेल्यापुढं हात जोडलं. मी पोट धरूनच नाक्यावर गेलो.

कारकुनानं विचारलं तवा छातीवर हात ठेवून सांगितलं, "बारा वर्सं झाली सायेब, ह्यातच रांधतोय." त्यानं काळ्या बुडावर बोट फिरवलं आन् सोडून दिलं. मागं वळतो तर गुळाच्या ढेपांची जकात भरायला आमचे व्याही सावळाराम रांगेत हुबे! रामराम घातला, भांड्यांकडं बघितलं आन् गुळाकडं वळले. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला: लेकीला जुनी भांडी देणाऱ्या घरची सून आमाला नको. हळद तोंडावर आलीय, दाजी. ठकुबाई माझ्यावर आग पाखडती, रतन जेवत न्हाई, आन् मी तुमाला पत्र लिवतोय.

आक्काला दंडवत, पोरांना आशीर्वाद.
तुमचा मेहुणा, कुंडलिक

ता. क. म्हशीची चवकशी उगीच केली, तिचं निमित्त करून घरी बसू नका. भांडी घेताना तुमी संगं होता, तवा पत्र मिळताच निघून या आन् व्याह्यांना शपथेवर सांगा, भांडी नवी हायत.

आणखी ता. क. ठकुबाईनं त्या कारकुनाला लग्नाचं आवतान दिलंय. तो पंगतीत असंल, त्याला मात्र जुनी म्हणा.

शेवटचं ता. क. पत्र टाकायला निघालो तर रतन आयसंगं नाक्यावरनं परत आली. मला न सांगता गेल्या होत्या. रतननं कारकुनाला समदं खरं सांगितलं. तो म्हणाला, रुखवताला जकात लागतच न्हाई, लग्नाचं हाय एवढं बोलायचं होतं. मग त्यानंच व्याह्यांना बोलावून समजूत घातली. व्याही लई हसले म्हणं आन् पिठलं उरलंय का इचारलं. लग्न ठरल्या दिवशीच हाय.

तवा शपथ ऱ्हाऊ द्या, भांडी घासायला चिंच घेऊन या. एक टोप मात्र रतन घासू देत न्हाई. म्हणती, "आयनं ह्यात माझ्या लग्नाचा पयला भात रांधला, ह्यो असाच सासरी नेणार." ते ऐकून मी गोठ्यात जाऊन रडून आलो. चिंच एका टोपापुरती कमी आणा.