उजव्या खिशातल्या रिव्हॉल्वरबाबत

प्रति,
मा. शेरीफ साहेब,
होल्मन कौंटी शेरीफ कार्यालय,
मु. नॉर्डबी, राज्य मिनेसोटा.

अर्जदार : व्हर्लिन टोस्ट्रूड, निवृत्त चालक (कौंटी रस्ते विभाग, बर्फ हटवणारी गाडी), राहणार उत्तर तळे रस्ता, नॉर्डबी.

विषय : खिशात बाळगावयाचे लहान रिव्हॉल्वर विकण्यास दुकानदाराने नकार दिल्याबाबत.

संदर्भ : १) आपल्याच कार्यालयाने अर्जदारास दिलेला शस्त्रपरवाना. २) दुकानदार श्री. ड्वेन क्वाम यांचा तोंडी नकार.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळविण्यात येते की, अर्जदाराने आपल्या कार्यालयासमोरचा रस्ता नोकरीची सगळी वर्षे हिवाळ्यात मोकळा ठेवला. त्यामुळे अर्जदार कोण, हे आपणास वेगळे सांगायला नको. रीत म्हणून सांगितले.

१. अर्जदाराची पत्नी कै. मार्लिस गेल्या वसंतात वारली. घर तळ्याच्या अगदी टोकाला आहे. शेजारचे एंगेन कुटुंब शेत विकून मुलीकडे राहायला गेले. त्यांच्या अंगणातला दिवा अंधार पडला की अजून आपोआप लागतो, आणि अर्जदार रोज फसतो. ऑक्टोबरात एका संध्याकाळी दारावर थाप पडली. दारात अनोळखी दाढीवाला इसम उभा होता. इसम रस्ता चुकलेला शिकारी निघाला. त्याने कॉफी घेतली, केक खाल्ला, स्वतःच्या मेहुण्याला मनसोक्त नावे ठेवली आणि गेला. तो गेल्यावर अर्जदारास तो येण्याआधीपेक्षा जास्त भीती वाटली. असे का व्हावे, ते अर्जदारास कळले नाही. खिशात एखादे लहान रिव्हॉल्वर असलेले बरे, एवढे मात्र त्याने ठरवले. शस्त्र हाताळण्याचा रीतसर वर्ग केला, परवाना काढला.

२. श्री. क्वाम यांचे दुकान आपणास ठाऊक आहेच. पुढे मासेमारीचे आमिष, मागे बंदुका, मध्ये कॉफीचे भांडे. दर गुरुवारी अर्जदार तेथे निवड करण्यासाठी जाऊ लागला. खिशात घालून पाहायचे म्हणून घरचा जाड कोट व दोन विजारी बरोबर नेत असे. श्री. क्वाम काउंटरवर हिरवे कापड अंथरीत आणि रिकामी रिव्हॉल्वरे एकेक करून मांडीत. सगळी पाच गोळ्यांची, आखूड नळीची. पहिल्याचा मागचा घोडा बाहेर आलेला होता. ते खिशातून ओढताना अस्तर बाहेर आले, अस्तरासोबत खोकल्याची गोळी आली, रिव्हॉल्वर आत राहिले. दुसरे इतके हलके की खिशात आहे हे आठवावे लागे, पण दुकानामागच्या मैदानात ते झाडून पाहिले आणि तळहात रात्रीपर्यंत ठणकला. यावर श्री. क्वाम म्हणाले, "हलकं रिव्हॉल्वर खिशात देवमाणूस असतं रे, हातात आलं की लाथाळ खेचर." तिसरे सगळेच पोलादी. त्याने तळहाताला त्रास दिला नाही, पण ते खिशात घालून अर्जदार माशांच्या टाकीपर्यंत चालला आणि विजार एका हाताने धरून परत आला. चौथ्याचा घोडा आत दडवलेला होता, वजनही मध्यम होते, पण चापाभोवतीच्या कड्यात हातमोजा घातलेले बोट शिरेना. जानेवारीत ज्याच्यावर गोळी झाडायची, त्याला हातमोजा काढेपर्यंत थांबण्याची विनंती करावी लागली असती.

अशा रीतीने ऑक्टोबर व नोव्हेंबर गेले. कॉफीच्या भांड्याजवळ बसणारे निवृत्त पोस्टमन श्री. ऑरिन हेग्स्टाड यांनी सर्वांसमक्ष विचारले, "काय रे व्हर्लिन, बायको निवडताना तरी एवढा वेळ लावला होतास का?" अर्जदाराने खरे ते सांगितले की, "मी कुठं निवडली? तिनं निवडलं मला." त्यावर सगळे हसले. श्री. हेग्स्टाड यांनी उठून अर्जदाराचा कप भरला.

३. खरी अडचण रिव्हॉल्वरची नव्हती, खिशाची होती, हे येथे नमूद करणे भाग आहे. वर्गात शिकवले जाते की, ज्या खिशात रिव्हॉल्वर, त्या खिशात दुसरे काहीही नको. किल्ली नको, सुटे पैसे नकोत, रुमालही नको. नियम योग्यच आहे. अर्जदार उजव्या हाताचा, म्हणजे खिसा उजवा. परंतु कै. मार्लिस हिने जन्मात हातमोजे सांभाळले नाहीत. एक जोडी चर्चमध्ये राही, दुसरी बाजारात. मग चालताना ती आपला डावा हात अर्जदाराच्या कोटाच्या उजव्या खिशात घालीत असे. लग्नापासून हाच परिपाठ होता. आत तिची बोटे गार असत, आणि तळ्याच्या वळणापर्यंत गरम होत. आता त्या खिशात काही नाही हे अर्जदारास समजते. तरी तो रिकामा आहे असे त्यास म्हणवत नाही. त्याने डावा खिसा सुचवून पाहिला. श्री. क्वाम म्हणाले, "डाव्या हातानं तुला चमचा धरता येत नाही." हेही खरे आहे.

४. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी अर्जदाराने मन घट्ट करून चौथे रिव्हॉल्वर मागितले. त्या दिवशी जे घडले ते जसेच्या तसे पुढे देत आहे.

अर्जदार जाताना गोठलेल्या तळ्यावर मांडायची आपली मासेमारीची खोपटी ट्रकला जोडून घेऊन गेला होता. ती त्याने श्री. क्वाम यांच्या पुतण्याला फुकट देऊन टाकली. कारण साधे आहे. खोपटीत दोन खुर्च्या आहेत, आणि बर्फातल्या भोकाकडे पाहत बसले की समोरची खुर्ची दिसते. पुतण्या आभार मानू लागला तेव्हा अर्जदार म्हणाला, "ठेव रे. मला आता हिचं काम नाही." नंतर काउंटरवर येऊन तो म्हणाला, "हे चौथंच दे. गोळ्यांचा सगळ्यांत लहान डबा दे, जास्त लागणार नाहीत." काटकसर हा आपल्याकडे गुन्हा नाही. परंतु श्री. क्वाम यांनी रिव्हॉल्वर उचलले, कपाटात ठेवले, कपाटाला कुलूप लावले आणि कॉफीजवळच्या मंडळींना बाहेर काढले. मग म्हणाले, "व्हर्लिन, मी सरळच विचारतो. तू स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करून घेणार नाहीस ना?"

महोदय, या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. अर्जदाराकडून ते यायला उशीर झाला. उत्तर शोधत होता म्हणून नव्हे. मार्लिस गेल्यापासून ज्याचे उत्तर ऐकायला समोरचा थांबून राहतो, असा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. श्री. क्वाम यांनी त्या उशिराचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. "तुला आमिष विकीन, गळ विकीन. हे नाही विकणार. जा, हवं तर शेरीफकडे तक्रार कर." म्हणून ही तक्रार.

५. नकारावरच भागले असते तर अर्जदार गप्प बसला असता. परंतु त्या दिवसापासून सदर दुकानदार व त्यांचे कुटुंब अर्जदारास पुढीलप्रमाणे उपद्रव देत आहेत. त्यांच्या पत्नी सौ. लव्हॉन दररोज संध्याकाळी, नेमक्या हवामानाच्या बातम्यांच्या वेळी, फोन करतात. "काय जेवलात?" असे विचारतात. "सूप" म्हटले तर "डब्यातलं की केलेलं?" असे विचारतात. डब्यातले असल्यास दुसऱ्या दिवशी दारात काचेचे भांडे येते. त्यात खिमा, घेवडा आणि वर बटाट्याचे कुरकुरीत थर असतात, आणि ते एका माणसापुरते नसते. भांडे धुऊन परत न्यावे लागते. परत नेले की "बसा, कॉफी झालीच आहे" असे म्हणतात. अर्जदाराचे वजन वाढले असून आता पोलादी रिव्हॉल्वर घेतले तरी विजार घसरण्याची शक्यता उरलेली नाही.

खोपटीही परत आली आहे. श्री. क्वाम व श्री. हेग्स्टाड यांनी अर्जदारास न विचारता ती तळ्यावर ओढून आपल्या खोपट्यांच्या शेजारी उभी केली. दुसऱ्या खुर्चीवर श्री. हेग्स्टाड येऊन बसतात. ते बोलत नाहीत, मासेही लागू देत नाहीत, नुसते घोरतात.

गेल्या मंगळवारी सौ. लव्हॉन यांचा फोन आला नाही. हवामानाच्या बातम्या पूर्ण ऐकायला मिळाल्या. त्यात काय सांगितले, ते अर्जदारास आठवत नाही. तो फोनजवळ उभा होता. शेवटी वाजला तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, वीज गेली होती आमच्याकडे. घाबरलात की काय?" अर्जदार 'नाही' म्हणाला. ते खोटे होते.

६. इथपर्यंत लिहून झाल्यावर अर्जदाराने अर्ज पहिल्यापासून वाचला. आपण दुकानदारास आदेश दिलात तर रिव्हॉल्वर मिळेल, पण मग माणूस ठीक आहे असे क्वाम मंडळींना वाटेल आणि फोन हळूहळू थांबेल. आपण अर्ज फेटाळलात तरी प्रकरण मिटले असे म्हणून सगळे आपापल्या कामाला लागतील. दोन्हीकडून अर्जदाराचे नुकसान आहे. सबब, विनंतीत पुढीलप्रमाणे बदल करण्यात येत आहे.

हा अर्ज मंजूर करू नये. नामंजूरही करू नये. तो प्रलंबित ठेवावा. सरकारी कचेरीकडे असली मागणी सहसा कोणी करत नाही, पण कचेरीला ती पुरी करणे जड जाणार नाही. ड्वेनने विचारलेच, तर विचार चालू आहे असे सांगावे. चौथे रिव्हॉल्वर त्याच्याच कपाटात, त्याच्याच कुलपात राहू द्यावे. मला ते नको आहे. माझा उजवा खिसा मी ठेवतो आहे तसाच.

आणि त्या गुरुवारच्या प्रश्नाचे उत्तर मी येथे लेखी देतो, म्हणजे कोणाला घोर नको. नाही. पण त्यांनी विचारायचे थांबवू नये, एवढे आपण आपल्या पद्धतीने बघावे. मला ते तोंडाने सांगता येत नाही.

आपला नम्र,
(सही) व्हर्लिन टोस्ट्रूड
दिनांक : २३ जानेवारी, गुरुवार

सोबत :
१) शस्त्रपरवान्याची प्रत.
२) वर्ग पूर्ण केल्याचा दाखला.
३) सौ. लव्हॉन क्वाम यांचे काचेचे भांडे जोडलेले नाही. ते धुऊन ठेवले आहे. अर्जदार आज स्वतः नेऊन देईल.